रूप पालटणारी खेळणी



आजचा विषय ऐकून आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "या व्यासपीठावर आता खेळणीसुद्धा?" मी म्हणालो, जिच्यापायी घरोघर मुले हट्ट धरून बसतात आणि आईबाप कुरकुरत पैसे मोजतात, त्या वस्तूचा चारचौघांत विचार व्हायला काय हरकत आहे?

वर्तमानपत्राची टोपी आपण सर्वांनीच केली असेल. त्याच टोपीच्या घड्या आणखी फिरवून टोके ओढली की होडी होते. कागदात भर घातली नाही, त्यातून काही काढले नाही, आणि टोपीची होडी झाली! मोटारीचा यंत्रमानव करणाऱ्या खेळण्याची गंमत मुळात हीच.

या खेळण्यांचे माहेर जपान. १९७५ साली 'रायदीन' नावाच्या चित्रमालिकेतला यंत्रमानव पक्ष्याचे रूप घेऊ लागला आणि त्याच्या खेळण्यातही तो पालट हाताने करता येऊ लागला. पुढे टोकियोच्या ताकारा कंपनीने १९८० साली 'डायाक्लोन' ही माला काढली. तिच्यात लवकरच रस्त्यावरच्या खऱ्या मोटारींच्या प्रतिकृती आल्या. आत बोटाच्या पेराएवढा चालक बसे. १९८३ साली त्याच कंपनीने कॅसेट वाजवण्याचे यंत्र, पिस्तूल अशा वस्तूंतून यंत्रमानव काढले. टेबलावरची साधी वस्तू, पण तिच्या पोटात कोणी दडलेले आहे, ही कल्पना मुलाला किती मोहवत असेल!

त्यातला एक मालमोटारीचा यंत्रमानव मी स्वतः हाताळला आहे. चालकाच्या खोलीची काच त्याची छाती होते, तिच्या दोन बाजू हात होतात, मागचा भाग उभा राहून पाय होतात आणि दडलेले डोके वर येते. मुठी तेवढ्या वेगळ्या खोचाव्या लागतात, आणि त्या नेमक्या हरवतात! मला या खटाटोपाला अर्धा तास लागला. माझ्या नातवाने तो गप्पा मारता मारता उरकला. "आजोबा, जोर लावू नका, ते कुठे वळते ते बघा," असा उपदेशही वर मिळाला. बिजागरी म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने ही खेळणी घेऊन १९८४ साली 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने विकायला काढली. मार्व्हल या चित्रकथांच्या प्रकाशनसंस्थेतील जिम शूटर यांनी कथेचा आराखडा केला. बॉब बुडियान्स्की यांनी बहुतेक पात्रांना नावे आणि स्वभाव दिले. जपानी खेळण्यात यंत्राला सारथी होता. अमेरिकनांनी सारथी उतरवला आणि रथालाच जीव दिला! ती मालमोटार आता 'ऑप्टिमस प्राइम' नावाचा न्यायी सेनापती झाली.

यावर आक्षेप असा की ही कथा म्हणजे अर्ध्या तासाची जाहिरात. आक्षेप खोटा नाही. मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींवरचे निर्बंध अमेरिकेत १९८४ सालीच सैल झाले होते, आणि खेळण्यांच्या व्यापाऱ्यांनी ती संधी साधली. मुलांच्या मनावर असा डल्ला मारणे मला बरे वाटत नाही. पण व्यापाऱ्यांचा हिशेबही एकदा चुकला. १९८६ च्या चित्रपटात जुना माल बाजूला सारून नवा पुढे आणायचा म्हणून ऑप्टिमस प्राइमला मारून टाकले. चित्रपटगृहांत मुले रडली, तक्रारींची पत्रे गेली, आणि १९८७ साली त्याला दूरदर्शनच्या पडद्यावर पुन्हा जिवंत करावे लागले. कंपनीच्या लेखी तो शिल्लक माल होता. मुलांनी मात्र त्याला स्वतःच्या हातांनी शेकडो वेळा उभे केले होते. तो आपला आहे असे त्यांना वाटले, तर त्यांचे काय चुकले?

ताकारा कंपनी २००६ साली टोमी कंपनीत मिळाली. या ताकारा टोमीने जपानची अंतराळसंस्था, सोनी कंपनी आणि दोशिशा विद्यापीठ यांच्या जोडीने चंद्रासाठी एक यंत्र घडवले. यानात जागा थोडी, म्हणून जाताना ते सुमारे आठ सेंटिमीटरांचा, पाव किलोच्या आसपास वजनाचा चेंडू. जमिनीवर पडले की चेंडू दुभंगतो, दोन्ही अर्धांची चाके होतात आणि मधून कॅमेरा डोके काढतो. मोटारीचा माणूस करताना हाताला लागलेले कसब येथे उपयोगी पडले. जानेवारी २०२४ मध्ये 'स्लिम' हे जपानी यान चंद्रावर उतरले, पण नाकावर उभे राहिले. ते तसे उभे असल्याचे छायाचित्र या चेंडूने काढले आणि दुसऱ्या एका लहान यंत्रामार्फत पृथ्वीवर धाडले. ते मी नातवाला दाखवले. तो चेंडू कुठे दुभंगतो, एवढेच त्याने विचारले.