मुदत संपलेले वचन

विमापत्राची मुदत संपली की त्याची किंमत रद्दीइतकीच उरते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आगीच्या विम्यापुरती ती खरीही आहे. ज्या वर्षाचा हप्ता भरला त्या वर्षी आग लागली नाही, तर व्यवहार तेथेच संपला. परंतु दायित्वविम्याची, म्हणजे विमेदाराच्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाल्यास ते भरून देण्याची हमी घेणाऱ्या विम्याची, गोष्ट निराळी आहे. नुकसान एका काळी घडते आणि दुसऱ्या काळी उघडकीस येते. अमेरिकेत अनेक दशकांपूर्वीच्या विमापत्रांतून आज विषारी जमिनींच्या शुद्धीकरणासाठी पैसा उभा राहतो, त्याचे मूळ या कालभेदात आहे.

न्यूयॉर्क राज्यातील नायगारा फॉल्स या शहरी ‘लव्ह कॅनॉल’ नावाचा एक अर्धवट खोदलेला कालवा होता. हुकर केमिकल या कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात त्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि १९५३ मध्ये ती जागा तेथील शाळा-मंडळाला एका डॉलरला दिली. तेथे शाळा उभी राहिली. भोवती घरे झाली. पुढे घरांच्या तळघरांतून विष पाझरू लागले आणि १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांना तेथे आणीबाणी जाहीर करावी लागली. या प्रकरणाने देश हादरला व डिसेंबर १९८० मध्ये ‘सुपरफंड’ या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला.

हा कायदा कठोर आहे. त्याला निष्काळजीपणाचा पुरावा लागत नाही. कायदा होण्यापूर्वीच्या कृत्यांनाही तो लागू पडतो आणि ज्याने स्वतः विष टाकले नाही अशा आजच्या जमीनमालकालाही पुष्कळदा जबाबदार धरतो. मोठ्या कारखानदारांना हा भार कसाबसा पेलतो. खरी कोंडी होते ती लहान माणसाची. कपडे कोरडे धुण्याच्या दुकानांतून वापरले जाणारे द्रावक पाण्याहून जड असते. फरशीच्या भेगेतून झिरपलेला त्याचा अंश खोल भूजलापर्यंत उतरतो व तो काढण्यास वर्षानुवर्षे लागतात. शुद्धीकरणाचा खर्च कित्येकदा जमिनीच्या मोलाहून अधिक होतो. मग ती जमीन विकली जात नाही, बँक तिच्यावर कर्ज देत नाही आणि शेजारच्या विहिरींचे पाणी मात्र नासत राहते.

अशा वेळी जुने विमापत्र उपयोगी पडते. त्या काळच्या सर्वसाधारण दायित्वविम्यात ‘मुदतीच्या काळात घडलेल्या’ नुकसानीची हमी असे. मागणी केव्हा आली याला महत्त्व नसे. १९६६ च्या प्रमाणित मसुद्याने तर एखाद्या परिस्थितीशी येणारा अपायकारक संपर्कही ‘घटना’ या शब्दात समाविष्ट केला. विष जमिनीत वीस वर्षे मुरत असेल, तर त्या वीसही वर्षांची विमापत्रे जागी होऊ शकतात. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये मॉन्ट्रोज केमिकल कंपनीच्या खटल्यात हेच तत्त्व मान्य केले. शिवाय अशा विमापत्रांत विमेदाराच्या बचावाचा खर्च करण्याचे कर्तव्यही विमा कंपनीने पत्करलेले असे.

विमा कंपन्यांचे म्हणणे असे की, या संकटाची कल्पना धरून हप्ते कधी आकारलेच नव्हते. १९७० नंतर त्यांनी ‘आकस्मिक व अपघाती’ प्रदूषणाखेरीज इतर प्रदूषण वगळले होते. या ‘आकस्मिक’ शब्दावरून न्यायालयांत घनघोर वाद झाले. जॉर्जियाच्या न्यायालयाने १९८९ मध्ये त्याचा ‘अनपेक्षित’ असा अर्थ लावून विमेदारास न्याय दिला. मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने १९९० मध्ये ‘एकाएकी घडणारे’ हाच अर्थ धरला. न्यू जर्सीच्या न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितले की, हे कलम मंजूर करून घेताना कंपन्यांनी शासनाला त्याचा खरा आवाका सांगितला नव्हता; तेव्हा आता त्याचा पुरा लाभ त्यांना घेता येणार नाही. १९८६ पासून प्रमाणित मसुद्यात प्रदूषण जवळजवळ संपूर्ण वगळले गेले. म्हणून त्यापूर्वीच्या कागदालाच मोल आहे.

पण तो कागद सापडावा कसा? यासाठी तेथे एक व्यवसायच निर्माण झाला असून त्याला ‘विम्याचे पुरातत्त्व’ असे नाव आहे. इतिहासाचार्य राजवाडे जसे गावोगाव हिंडून माळ्यांवरची दप्तरे धुंडाळीत, तसेच हे संशोधक कीर्दखतावण्या, धनादेशांची अर्धुके, संचालक मंडळाची इतिवृत्ते, विमा-दलालांचे जुने पत्रव्यवहार आणि सरकारी कंत्राटांस जोडलेले विम्याचे दाखले चाळतात. मूळ विमापत्र हरवले असले तरी अशा दुय्यम पुराव्यावरून ते होते आणि त्यातील अटी काय होत्या, हे सिद्ध करता येते. ऑरेगन राज्याने १९९९ मध्ये या दाव्यांसाठी खास कायदा केला व पुढे हरवलेल्या विमापत्रांच्या शोधात विमा कंपन्यांनीही प्रामाणिकपणे साहाय्य करावे, असे बंधन घातले.

अर्थात हा अक्षय भाता नव्हे. कंपनी बुडालेली असेल, सूचना देण्यास फार विलंब झाला असेल, किंवा पूर्वी तडजोड करून हक्क सोडून दिला असेल, तर हाती काही लागत नाही. जाणूनबुजून केलेल्या प्रदूषणालाही विम्याचे छत्र नाही.

भारतात १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा झाला. परंतु त्याचा हेतू अपघातग्रस्तांना तातडीचे साहाय्य देण्याचा आहे. हळूहळू मुरणाऱ्या विषाला तो पुरा पडत नाही. दूषित स्थळांविषयीचे नियम २०२५ मध्ये झाले असून, शुद्धीकरणाचा खर्च जबाबदार असणाऱ्यावर टाकण्याचे तत्त्व त्यांत आहे. पण जबाबदार ठरणाऱ्याजवळ पैसाच नसेल तर काय, हा अमेरिकेला पडलेला प्रश्न येथेही उभा राहणारच. जमीन आपल्या पोटातले विसरत नाही. ज्या समाजाची दप्तरेही विसरत नाहीत, त्यालाच जुन्या वचनांची पूर्तता मागता येते.