पांढरीच्या पोटातले गाव

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त दिलेले व्याख्यान)



गावाच्या जमिनीचे दोन भाग वाडवडील सांगत आले : काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. चुलीची राख, पडक्या भिंतींची माती, फुटकी मडकी एकावर एक साचून ही माती पांढुरकी होते. ती गाड्या भरभरून शेतात टाकण्याची रीत जुनीच आहे. पुरातत्त्वज्ञांच्या लेखी मात्र पांढरी म्हणजे गावाचे दप्तर.

असे एक दप्तर पुणे जिल्ह्यातच उलगडले. आपल्याकडची इंद्रायणी आणि भामा जशा भीमेला मिळतात, तशीच घोड नदीही मिळते. त्या घोडकाठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. तेथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० अशी सुमारे ९०० वर्षे नांदलेली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. शंभरावर घरे सापडली. तांब्याची मोजकी हत्यारे आणि दगडी पाती, एवढ्यावर या लोकांनी संसार उभा केला होता.

भरभराटीच्या काळातली त्यांची घरे चौकोनी, कुडाची, ओळीने बांधलेली. कुंभार, सोनार असे कारागीर वस्तीच्या पश्चिम कडेला राहत. मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार होते. ते घर गावच्या प्रमुखाचे असावे, असा संशोधकांचा कयास आहे.

सर्वांत नवल त्यांच्या पाण्याच्या कामाचे. पुराचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी पाट खोदला आणि त्याच्या कडेने २०० मीटरांहून लांब असा दगडमातीचा बांध घातला. सातू हे मुख्य पीक. पाण्यामुळे गहूही घेता आला. असले काम एका घराच्या बळावर होत नाही. सारा गाव राबला, तेव्हाच ते उभे राहिले.

पुढे इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊसमान घटले, असे संशोधक मानतात. मोठी घरे गेली, लहान गोल झोपड्या आल्या. शेती खालावली, शिकारीवरची भिस्त वाढली. अखेर गाव उठले. ही कहाणी सोन्यानाण्याने सांगितली नाही. जळके दाणे, हाडे, खापरे आणि राख यांनी सांगितली.

म्हणून एक विनंती. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखाने आले, रस्ते झाले, घरोघरी रोजगार आला. ही प्रगती हवीच. पण हजार वर्षांची पांढरी यंत्राने एका दिवसात सपाट होते आणि मग ते दप्तर पुन्हा वाचता येत नाही. जीर्णोद्धारातही हेच घडते. जुना वीरगळ पायाच्या भरावात जातो, अक्षरे कोरलेल्या शिळेवर तैलरंग चढतो.

खोदताना खापरे, विटा, कोरीव दगड दिसले तर काम क्षणभर थांबवावे. वस्तू कोठे, किती खोल सापडली ते लिहून ठेवावे, छायाचित्र घ्यावे आणि तलाठ्यामार्फत पुरातत्त्व विभागाला कळवावे. आवारातील सुटे जुने दगड सभामंडपाच्या एका कोपऱ्यात नीट मांडावेत. देणगीदारांची नावे नव्या फरशीवर कोरली जातील. ज्यांची नावे कोणीच कोरली नाहीत, त्यांच्या हातच्या खुणाही त्याच मंडपात सुखरूप राहाव्यात.