नकाशातला पांढरा रंग
(मंडळाच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकांनी आत्ता आमची ओळख 'डिजिटल नकाशातज्ज्ञ' अशी करून दिली. ती दुरुस्त करून सुरुवात करतो. आम्ही तज्ज्ञ नाही. आम्ही पाच जण आहोत. बोलायला उभा राहिलेला राज्य सरकारच्या नोकरीत आराखडे काढतो, शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा. एक भूगोलाची विद्यार्थिनी, एक निवृत्त बँकवाले काका, आणि दोन मुलं, जी मोबाइल हातात असला की कितीही चालतात. काम पाचांचं, म्हणून 'आम्ही' म्हणतो. चूकही पाचांचीच आहे आणि ती सांगायलाच आज उभे आहोत.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री बडोद्यात शिरली, ते दिवस कुणी विसरलेलं नाही. २०१९ साली ३१ जुलैला एका दिवसात वीसएक इंच पाऊस पडला होता, तेव्हाच आपण म्हणालो होतो की आता याहून वाईट काय होणार. पुन्हा तेच. मगरींचे व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिले. आपल्या घरातला चिखल आपणच उपसला. ७ सप्टेंबरला गणपती बसायचे होते. मंडळाने सजावटीचा खर्च आवरता घेतला आणि ज्यांच्या घरात पाणी गेलं त्यांना शिधा, चादरी, फिनेल, ब्लीचिंग पावडर असं सामान पोचवायचं ठरवलं. पण कुणाकडे किती पाणी होतं? आपले लोक आता दांडिया बाजारातल्या वाड्यांत राहत नाहीत. नदीच्या बाजूच्या सोसायट्या, टेनामेंट, फ्लॅट, सगळीकडे पसरलेत. तेव्हा आम्ही म्हटलं, नकाशा करून देतो.

इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल. आमच्या पिढीने डिप्लोमाला ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंगच्या पेनाने नकाशे काढले. त्या कागदावर रेघ म्हणजेच नाला आणि रेघ म्हणजेच रस्ता. रेघ जाड हवी होती असं साहेबांच्या नंतर लक्षात आलं, तर ब्लेडने खरवडून पुन्हा काढा. संगणकाच्या नकाशात तसं नसतं. तिथे एका बाजूला नुसती माहिती असते: अमुक घराचे चार कोपरे कुठे आहेत, आणि त्याच्यापुढे तक्त्यात रकाने, घर क्रमांक, मजले, पाणी किती फूट. या माहितीला रंग नाही, जाडी नाही. घर लाल दिसेल की निळं, नाला दोऱ्याएवढा दिसेल की बोटाएवढा, नाव कोणत्या लिपीत येईल, हे सगळं वेगळं ठरवायचं आणि वेगळं साठवायचं. एकाच माहितीला दहा तऱ्हेचे कपडे घालता येतात. आम्ही क्यूजीआयएस नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरलं. घरांच्या आकृत्या ओपनस्ट्रीटमॅपमधून घेतल्या. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला हा नकाशा जगभरचे लोक मिळून भरतात. जी घरं त्यात नव्हती ती उपग्रहाच्या चित्रावरून आम्हीच काढली.

रंग ठरवणं हे सजावटीचं काम वाटतं, पण तसं नाही. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने भूपत्रक कुणी पाहिले असतील तर आठवेल: वस्ती आणि रस्ते लाल, रान हिरवं, शेती पिवळी, उंचीच्या रेषा तपकिरी. पाणी असलेला ओढा निळा, आणि कोरडा पडणारा ओढा काळा. बघा, एका रंगात केवढी माहिती आहे! तो काळा ओढा पाहून पायी जाणाऱ्याला कळत होतं की उन्हाळ्यात इथे पाणी मिळणार नाही. उलट २०२३ मध्ये गूगलने आपल्या नकाशाचे रंग बदलले, रस्ते राखाडी केले, आणि आपल्याला कुणी विचारलंही नाही. काका अजून कुरकुरतात.

तर मुलं घरोघर गेली. भिंतीवर पाण्याची रेघ कुठपर्यंत आहे ते टेपने मोजलं आणि मोबाइलवर भरलं. संध्याकाळी आम्ही संगणकाला सांगितलं, पाण्याच्या खोलीप्रमाणे घरं रंगव. त्याने विचारलं, गट कसे पाडू?

हा प्रश्न साधा नाही. समजा नऊ घरं आहेत आणि पाणी अनुक्रमे अर्धा, एक, एक, दीड, दोन, दोन, साडेतीन, चार आणि साडेसहा फूट आहे. 'समान अंतराचे तीन गट' म्हटलं तर तो दोन-दोन फुटांवर रेघ मारतो. पहिली सहा घरं फिकट, दोन मध्यम, एकच गडद. पाहणारा म्हणेल, चला, एकाच घराचे हाल झाले. 'प्रत्येक गटात सारखी घरं' म्हटलं तर तीन फिकट, तीन मध्यम, तीन गडद. आता पाहणारा म्हणेल, एक तृतीयांश वस्ती बुडाली. घरं तीच, फूट तेच, कुणी खोटं बोललेलं नाही. आणि घाईत असलेला माणूस संगणकाने पुढे केलेलं पहिलं उत्तर स्वीकारतो. आम्हीही घाईतच होतो. पहिला नकाशा समान अंतराचा होता, त्यामुळे दोन फूट पाणी गेलेली घरं अगदी फिकट दिसली. दोन फूट म्हणजे गादी, फ्रिजची मोटर, खालच्या कप्प्यातले कागद, सगळं गेलं.

रंग लाल ते हिरवा असे ठेवले होते. धोका लाल, बरं हिरवं, सिग्नलसारखं. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "यातलं बुडालेलं कोणतं रे?" तेव्हा कळलं की त्यांना लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत, दोन्ही मातकट. इतकी वर्षं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पुरुषांमध्ये हे दुर्मिळ नाही. मग लाल-हिरवा काढून एकच निळा घेतला, फिकटपासून गडदपर्यंत, कारण फिकट-गडद हा फरक त्यांनाही दिसतो. निळा घेतल्यावर नदी त्यात हरवली, म्हणून नदीला करडी किनार दिली. एक गाठ सोडवली की दुसरी बसते.

गटांसाठी शेवटी आम्ही संगणकाचं ऐकणं सोडलं आणि आपणच रेघा मारल्या: घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, कमरेच्या वर. अर्धा फूट, दीड फूट, तीन फूट, आणि पुढे. हे गट गणिताला धरून नाहीत, पण कुणालाही समजावून सांगावे लागत नाहीत. घोट्याएवढ्या पाण्याला झाडू आणि फिनेल लागतं, गुडघ्याच्या वर गेलं की चादरी आणि शिधा.

एवढं सगळं करून नकाशा छापला, सामानाची यादीही त्याच्यावरूनच काढली आणि सभागृहातल्या फळ्यावर लावला. लोक जमले, आपापलं घर शोधू लागले. एक आजी बराच वेळ उभ्या होत्या. मग आमच्यातल्या मुलाला म्हणाल्या, "अरे बाळा, आमचं घर पांढरं का? आमच्याकडे पाणी आलं नव्हतं असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

कुणीच सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. आजींच्या टेनामेंटमध्ये पाणी पलंगावरच्या गादीला लागलं होतं आणि त्या दोन रात्री वरच्या गुजराती शेजाऱ्यांकडे होत्या. मुलं गेली तेव्हा दाराला कुलूप. रकाना रिकामा राहिला. आणि हे सॉफ्टवेअर असं आहे की आकड्याप्रमाणे रंगवायला सांगितलं तर ज्या घराचा आकडाच नाही ते घर तो काढतच नाही. खालचा कागद दिसत राहतो. पांढरा कागद आणि फिकट निळ्याच्या शेजारचा पांढरा, पाहणाऱ्याने अर्थ लावला: इथे काही झालं नाही. आम्ही स्वतः तोच अर्थ लावला आणि यादी केली. यादीत आजी नव्हत्या.

घरी जाऊन तक्ता उघडला. रिकामे रकाने मोजले, बरेच निघाले. आणि ते इकडे-तिकडे विखुरलेले नव्हते. ते कांसेच्या कडेला एकत्र होते. कारण उघड आहे, पण आधी सुचलं नाही: ज्यांच्याकडे सर्वांत जास्त पाणी आलं तेच घर सोडून गेले होते, त्यांच्याच दाराला कुलूप होतं. म्हणजे आमच्या नकाशात जे सर्वांत बुडालेले तेच सर्वांत कोरडे दिसत होते. त्या घरांना सामान पाच दिवस उशिरा पोचलं. आजींनी ते घेतलं, चहा दिला आणि पाण्याची रेघ दाखवून म्हणाल्या, "आता नीट मोज." त्यांचं ते मोजून घेणं आम्हाला बोलण्यापेक्षा जड गेलं.

दुरुस्ती तशी दहा मिनिटांची. नियम लिहायचा: आकडा असेल तर निळ्या छटा, शून्य असेल तर पांढरं आणि काळी किनार, आणि बाकी सगळ्यांना तिरप्या करड्या रेघा, सूचीत लिहायचं 'विचारलेलं नाही'. तो 'बाकी सगळे' हा नियम पहिल्या दिवशी घातला असता तर नकाशानेच आम्हाला सांगितलं असतं की कुठे परत जा.

कांसेचंही सांगायला हवं. बडोद्यात पावसाळी नाल्याला कांस म्हणतात, भुखी कांस सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या नकाशात आपल्या वस्तीमागची कांस पाव मिलिमीटरची रेघ होती, सॉफ्टवेअर आपण होऊन देतं तेवढी. १:५००० या प्रमाणात पाव मिलिमीटर म्हणजे जमिनीवर सव्वा मीटर. प्रत्यक्षात ती सहा मीटर रुंद आहे. शेजारचा रस्ता मात्र आम्ही ठळक, ऐटीत काढला होता. रेघेची जाडी मिलिमीटरऐवजी जमिनीवरच्या मीटरमध्ये द्यायची सोय असते, तशी दिल्यावर कांस रस्त्याच्या बरोबरीने जाड झाली आणि एक गृहस्थ म्हणाले, "अरे, ही तर आमच्या मागच्या भिंतीला लागूनच आहे!" बावीस वर्षं त्या घरात राहतात.

नावांचा उल्लेख ओझरताच करतो. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एका जागेला अनेक भाषांत नावं देता येतात, त्यामुळे आम्ही नियम केला: मराठी नाव असेल तर ते, नसेल तर गुजराती. मूळ माहितीला धक्का लागत नाही, शेजाऱ्यांचा नकाशा गुजरातीच राहतो. 'विश्वामित्री' मधला श्व मात्र पहिल्या फाँटने मोडून टाकला होता. ऑफिसातल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये असला छळ रोजचा आहे, त्याबद्दल नंतर चहाला भेटा.

एका बाबतीत आमचं अजून एकमत नाही. एका सोसायटीचे चिटणीस आले आणि म्हणाले, आमची इमारत इतकी गडद दाखवू नका, दोन फ्लॅट विकायचे आहेत. त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणत नाही, आयुष्याची कमाई त्या भिंतींत आहे. पण रंग फिकट करायला आम्ही नकार दिला. तोडगा असा निघाला की फळ्यावरच्या नकाशात रंग गल्लीवार दिसेल, आणि घरवार रंग फक्त कार्यकर्त्यांच्या मोबाइलवर, तोही बराच जवळ गेल्यावर उघडेल. कुठल्या प्रमाणाला काय दिसावं हे सॉफ्टवेअरमध्ये ठरवता येतं. नकाशावर २०२४ च्या पुराची तारीखही मोठ्या अक्षरात घातली, म्हणजे हे एका पुराचं मोजमाप आहे, घराचा दाखला नाही, हे कळावं. आमच्यातल्या विद्यार्थिनीला हा तोडगा पटलेला नाही. तिचं म्हणणं, तो फ्लॅट विकत घेणाराही माणूसच आहे, त्याला कोण सांगणार? तिला देण्यासारखं उत्तर आमच्याकडे नाही.

स्मरणिकेत हा गल्लीवार नकाशा मधल्या पानावर छापतो आहोत. आतली पानं एकाच शाईत असतात, म्हणून निळ्याच्या छटा काढून रेघांची घनता वापरली आहे: विरळ आडव्या रेघा घोट्यापर्यंत, मग दाट, मग उभ्या-आडव्या जाळीच्या, आणि भरीव काळं म्हणजे कमरेच्या वर. तिरप्या रेघांच्या गल्ल्यांत अजून निम्म्याहून अधिक घरांत आम्ही पोचलेलो नाही. आपलं घर तिथे असेल तर आरतीनंतर प्रसादाच्या टेबलाशेजारी वही ठेवली आहे, तीत पत्ता आणि भिंतीवरच्या रेघेची उंची लिहा. भिंतीला रंग दिला असेल तर आठवेल तेवढी लिहा आणि पुढे 'आठवणीने' असं लिहा, त्याला आम्ही वेगळी खूण ठेवली आहे.