कानफाट्या नाव

एकदा कानफाट्या नाव पडले की पडले, अशी एक म्हण आपल्याकडे आहे. लहानपणी ती ऐकताना हसू येत असे. वर्गातला एखादा व्रात्य मुलगा डोळ्यांपुढे उभा राही. फळ्यावर कोणीही काहीही खरडले, तरी गुरुजींची नजर प्रथम त्याच्याकडेच वळायची, एवढाच त्या म्हणीचा अर्थ तेव्हा मनात होता. पुढे वय वाढले, सरकारी नोकरीत पुष्कळ वर्षे गेली, अनेक माणसांची अनेक प्रकरणे हातांखालून गेली आणि त्या म्हणीतले हसू हळूहळू मावळत गेले. ते नाव खरे होते की खोटे, याविषयी म्हण काहीच सांगत नाही. ते कोणी ठेवले, हेही सांगत नाही. नाव पडले, एवढीच हकीकत. आणि ते आता निघणार नाही, एवढाच निर्णय.

नोकरीच्या निमित्ताने मी गाझियाबादेत राहतो. दिल्लीच्या पूर्वेला, हिंडन नदीच्या काठी वसलेले हे शहर. महाराष्ट्रात या शहराचे नाव ज्या एका खटल्यामुळे घरोघर पोहोचले, त्याच्याच आधाराने मला आज दोन शब्द बोलावयाचे आहेत. त्यातला गुन्हा घडला शेजारच्या नोएडा शहरात. परंतु ज्याला आपण सीबीआय म्हणतो, त्या केंद्रीय अन्वेषण विभागाचे विशेष न्यायालय गाझियाबादेत असल्यामुळे खटला येथे चालला, आणि आरोपींनी तुरुंगवास भोगला तोही येथल्याच डासना तुरुंगात.

१६ मे २००८ च्या सकाळी नोएडातील जलवायु विहार या वसाहतीत राजेश आणि नूपुर तलवार या दंतवैद्य दांपत्याची एकुलती एक मुलगी आरुषी आपल्या खोलीत मृतावस्थेत आढळली. तिला चौदा वर्षे पूर्ण व्हावयास आठ दिवस उरले होते. नूपुर या माहेरच्या चिटणीस. वडील हवाई दलात अधिकारी. त्यामुळे दिल्लीच्या परिसरातील मराठी घरांमध्ये ही वार्ता अधिक जिव्हाळ्याने, आणि खरे सांगावयाचे तर अधिक कुतूहलानेही, चघळली गेली.

घरात राहणारा नेपाळी नोकर हेमराज त्या सकाळी कोठे दिसेना. झाले! खुनी कोण, याचा निर्णय तेवढ्यावरच लागला. त्याला पकडून देणाऱ्यासाठी इनाम जाहीर झाले, नेपाळपर्यंत शोधाची भाषा सुरू झाली, आणि खुनी म्हणून त्याचे नाव देशभर गेले. दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीच्या गच्चीचे दार उघडण्यात आले, तेव्हा हेमराजचे प्रेत तेथे सापडले. ज्याला सारे जण दूरदूर शोधीत होते, तो काही पायऱ्या वर मरून पडलेला होता. या प्रकरणातला पहिला कानफाट्या तो. आपल्यावरचा आरोप त्याच्या कानांवर कधी गेलाच नाही.

एवढ्या मोठ्या चुकीनंतर बोलणारी तोंडे काही काळ तरी थबकतील, असे कोणासही वाटले असते. तसे घडले नाही. २३ मे रोजी, मुलीच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तिच्या बापाला अटक झाली. पोलिसांनी पत्रकार-परिषद भरवून गुन्ह्याची एक कहाणी सांगितली. त्या कहाणीत बापाचे चारित्र्य गेले, मेलेल्या मुलीचे गेले आणि मेलेल्या नोकराचेही गेले. ती सांगणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यास त्या मुलीचे नावसुद्धा नीट घेता आले नाही. तरी दूरचित्रवाणीने ती कहाणी रात्रंदिवस घोळवली. पुढे तपास सीबीआयकडे गेला. आता बोट वळले दवाखान्यातील एका मदतनिसाकडे आणि आसपासच्या घरांत काम करणाऱ्या दोघा नोकरांकडे. त्यांची नावे, छायाचित्रे आणि औषध टोचून घेतलेले त्यांचे तथाकथित कबुलीजबाब सर्वत्र पसरले. त्यांच्याविरुद्ध आरोपपत्र मात्र कधीच दाखल झाले नाही. ती माणसे सुटली, आणि त्यांच्या सुटकेची वार्ता द्यावी अशी निकड फारशी कोणाला भासली नाही. गरीब माणसाची अब्रू गेली, तर ती परत मागण्यास त्याच्याकडे ना पैसा असतो, ना ओळख.

डिसेंबर २०१० मध्ये सीबीआयने पुरावा अपुरा म्हणून तपास बंद करण्याचा अहवाल दिला. संशय मात्र बापावर कायम ठेवला. त्या अहवालाच्या सुनावणीसाठी २५ जानेवारी २०११ रोजी राजेश तलवार गाझियाबादच्या न्यायालयात आले असता एका तरुणाने त्यांच्यावर सुऱ्याने वार केले. त्या तरुणाचा तलवार कुटुंबाशी काही संबंध नव्हता. खटला अद्याप उभाही राहिला नव्हता. त्या हातात शस्त्र देणारा निकाल कोणत्या न्यायालयात लागला होता, याचा विचार आपण करावा.

पुढे खटला झाला. नोव्हेंबर २०१३ मध्ये विशेष न्यायालयाने पतिपत्नींना जन्मठेपेची शिक्षा दिली. १२ ऑक्टोबर २०१७ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने ती रद्द केली. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी पूर्ण होत नाही, असे न्यायमूर्तींनी म्हटले. खालच्या न्यायालयाच्या विचारपद्धतीवर कठोर शब्दांत टीका केली. या निर्णयाविरुद्ध २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अपील दाखल झाले, हेही सांगितले पाहिजे. खून कोणी केला, हे उच्च न्यायालयाच्या निर्णयाने ठरले नाही. ठरले ते एवढेच की, या दोघांनी तो केला असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही.

ही सुटका झाली त्याच आठवड्यात दिवाळी होती. आमच्या एका मराठी स्नेह्यांकडे फराळाला पाचसात कुटुंबे जमली होती. विषय निघालाच. एक वयोवृद्ध गृहस्थ चिवडा घेता घेता म्हणाले, “सुटले म्हणजे काही निर्दोष ठरले असे नव्हे. विस्तवाशिवाय धूर निघतो का कुठे? आणि कर नाही त्याला डर कशाला?” दोघातिघांनी माना हलवल्या. मीही त्यांतला एक. तेव्हा यजमानांची महाविद्यालयात शिकणारी मुलगी चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाली, “मग काका, निर्दोष व्हायला माणसाने आणखी काय करायचं असतं?”

त्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाजवळ उत्तर नव्हते. आजही माझ्याजवळ ते नाही. कायद्याच्या दृष्टीने माणूस आरोपापूर्वी निर्दोष असतो. निर्दोष सुटल्यावर तो पुन्हा होता तेथेच येतो. त्यापलीकडे कोणतेही प्रमाणपत्र कोणतेही न्यायालय देत नाही, देऊ शकत नाही. आणि लोक नेमके त्या न मिळणाऱ्या प्रमाणपत्राची मागणी करीत राहतात.

माझा जन्म गेला तो कागदांत. तेव्हा कचेरीतलाच एक दाखला देतो. सरकारी नोकराविषयी त्याचा वरिष्ठ दरवर्षी गोपनीय अहवाल लिहितो. त्यातला प्रतिकूल शेरा संबंधिताला कळवावा, त्याचे निवेदन ऐकावे आणि शेरा अन्यायाचा ठरल्यास तो काढून टाकावा, असा नियम पूर्वीपासून आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्याही पुढे जाऊन सांगितले की, शेरा बरा असो वा वाईट, प्रत्येक शेरा त्या माणसाला कळवलाच पाहिजे. कारण त्याच्या पाठीमागे त्याच्याविषयी काही नोंदवून ठेवणे हा अन्याय होय. हा निर्णय झाला मे २००८ मध्ये. म्हणजे ज्या महिन्यात एका कर्मचाऱ्याच्या बढतीपुरत्या शेऱ्यासाठी देशाचे सर्वोच्च न्यायालय एवढी काळजी घेत होते, त्याच महिन्यात त्याच न्यायालयापासून काही कोसांवर माणसांच्या नावांपुढे ‘खुनी’ हा शेरा लिहिला जात होता. त्याची पूर्वसूचना नाही, त्यावर निवेदन नाही आणि तो पुसण्याची तरतूदही नाही.

पूर्वी निदान एवढे तरी होते की, कालचे वर्तमानपत्र आज वाण्याच्या पुडीला जाई आणि वार्तेबरोबर अपवादही विरून जाई. आता वार्ता विरत नाही. संगणकावर कोणाचेही नाव घातले की पंधरा वर्षांपूर्वीचा आरोप ताजा होऊन समोर येतो. सुटकेची चार ओळींची वार्ता त्याच्या कोठे तरी खाली असते.

येथे कोणी म्हणेल की, या खटल्यात संशयाला काही जागा तरी होती. आरोप सर्वस्वी खोटा ठरला, म्हणजे तरी डाग जात असेल. तसाही एक दाखला आमच्याच परिसरातला आहे. ऑगस्ट २००७ च्या अखेरीस एका दूरचित्रवाणी वाहिनीने दिल्लीतील सरकारी शाळेची एक गणिताची शिक्षिका विद्यार्थिनींना वाममार्गाला लावते, असे छुपे चित्रण दाखवले. शाळेबाहेर जमाव जमला. त्या बाईला मारहाण झाली, तिचे कपडे फाडले गेले, तिला अटक झाली, नोकरीतूनही दूर करण्यात आले. थोड्याच दिवसांत उघड झाले की, ते चित्रण बनावट होते आणि त्यात विद्यार्थिनी म्हणून दाखवलेली मुलगी विद्यार्थिनी नव्हतीच. वार्ताहराला अटक झाली, वाहिनीचे प्रक्षेपण महिनाभर बंद ठेवण्याचा सरकारी आदेश निघाला. वाहिनीला शिक्षा झाली एका महिन्याची. भर रस्त्यात चारचौघांनी कपडे फाडलेल्या बाईने पुन्हा वर्गात उभे राहून फळ्याकडे पाठ कशी फिरवावी, हा प्रश्न कोणत्याही आदेशाने सुटण्यासारखा नव्हता.

भारताच्या अंतराळ संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांची हकीकत तर सर्वश्रुत आहे. नोव्हेंबर १९९४ मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली, आणि केरळातील वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने देशद्रोहाच्या कथांनी भरून गेले. दोन वर्षांत सीबीआयने आरोप निराधार असल्याचे सांगितले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पन्नास लाख रुपयांची भरपाई देवविली ती सप्टेंबर २०१८ मध्ये. मधली चोवीस वर्षे कोणत्या दराने मोजावयाची? त्यांच्याबरोबर आरोपी ठरलेले एक गृहस्थ त्या निकालानंतर दोनच दिवसांनी वारले. निकाल लागला तेव्हा ते शुद्धीवर नव्हते.

वृत्तपत्रांवर टीका करून हात झटकावे, असा माझा हेतू नाही. सरकारी नोकराने तर ती टीका जपूनच करावी. कारण वृत्तपत्रे नसती, तर आमच्यातली कित्येक पापे दप्तरातच राहिली असती. दिल्लीतील जेसिका लाल खून खटल्यात २००६ च्या फेब्रुवारीत सर्व आरोपी सुटले, तेव्हा वृत्तपत्रांनी आवाज उठवला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने मुख्य आरोपीला दोषी ठरवले. तो आवाज योग्यच होता. तपास का फसला, साक्षीदार का फिरले, हे विचारणे वृत्तपत्रांचे कर्तव्यच होय. खुनी अमुकच आहे, हे जाहीर करणे मात्र त्यांचे काम नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी, एका चित्रपट-अभिनेत्याच्या मृत्यूनंतर माजलेल्या गदारोळाविषयी निर्णय देताना, हीच मर्यादा घालून दिली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पोलिसांनी पत्रकारांशी काय बोलावे आणि काय बोलू नये, याचे नियम तयार करण्यास केंद्र सरकारला सांगितले. नियम हवेतच. कारण बहुतेक वेळा पहिला शब्द कोणत्या तरी कचेरीतूनच बाहेर पडलेला असतो. हे मी कचेरीतला माणूस म्हणून कबूल करतो.

परंतु श्रोतेहो, तो शब्द एका मुखातून दुसऱ्या मुखात जातो तो आपल्यामार्फत. २००८ च्या त्या उन्हाळ्यात सकाळच्या गाडीने दिल्लीला जाताना डब्यातल्या मंडळींना ती पोलिसांची कहाणी मीही तिखटमीठ लावून सांगितली होती. ऐकणाऱ्यांपैकी कोणी मला विचारले नाही की, हे तुम्हाला कसे कळले. विचारले असते, तरी मला सांगता आले नसते.

आपल्या मराठीत ‘म्हणे’ असा एक लहानसा शब्द आहे. ‘त्याने पैसे खाल्ले, म्हणे’ असे आपण बोलतो, तेव्हा ही गोष्ट मी पाहिलेली नाही, ऐकलेली आहे, अशी कबुली त्या दोन अक्षरांत असते. आजीच्या पिढीच्या बोलण्यात हा शब्द वाक्यागणिक येई. ऐकणारा तीच गोष्ट पुढे सांगतो, तेव्हा तो शब्द गळतो, आणि उरते ते ‘त्याने पैसे खाल्ले’ एवढेच. न्यायालय वर्षानुवर्षे कष्ट करून अखेरीस करते काय, तर तो गळलेला ‘म्हणे’ पुन्हा वाक्याला जोडते. तोवर वाक्य हजारो घरांत जाऊन बसलेले असते.

गाडीतल्या त्या माणसांना आज शोधून काढणे मला शक्य नाही. ती माझे वाक्य अजून कोठे तरी सांगत असतील. म्हणून निदान आता कोणाविषयी ऐकलेले काही पुढे सांगावयाचे झाले, तर मी तो शब्द उच्चारून सांगतो. आणि पुष्कळदा असे होते की, तो शब्द जोडल्यावर गोष्ट सांगण्यासारखी राहतच नाही.