पुढच्या चाकाची खडखड

आज मी गाडीबद्दल बोलणार आहे. लगेच "हे पुरुषांचं काम" म्हणून रेडिओ बारीक करू नका. गाडीत माल आपला, कर्जाचा हप्ता आपला आणि ड्रायव्हरशेजारी बसून बाजाराला जाते तीही आपल्यातलीच.

आमच्या गटाकडे जुनी पिकअप आहे. काकडी, दुधी, कारली भरायची आणि कशेळ्याहून कर्जत, तिथून चौक गावावरून पनवेलच्या बाजारात. गेल्या वर्षी पुढचा डावा टायर झिजला, तोही फक्त आतल्या कडेला. बाहेरून नक्षी शाबूत आणि आतून तारा दिसतायत. आम्ही नवा टायर टाकला. काही महिन्यांत त्याचीही तीच गत. हिशेबाची वही माझ्याकडे असते, म्हणून एकाच चाकावर दोनदा खर्च पडल्याचं मला दिसलं. ड्रायव्हरदादा म्हणाले, "रस्तेच तसे आहेत, ताई." रस्ते तसे आहेतच, जुलैत पाण्याखालचा खड्डा किती खोल ते कळतही नाही. पण उजवं चाकही त्याच रस्त्याने जातं ना?

शिवाय खड्ड्यात खडखड वाजायचं आणि ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची. आम्ही एका गॅरेजात नेली. त्यांनी चासीखाली जॅक लावला, चाक हलवून बघितलं आणि "काही नाही" म्हणाले. दुसरीकडे एक वयस्कर मिस्त्री भेटले. त्यांनी जॅक खालच्या आर्मखाली लावला, जवळ लोखंडी स्टँड ठेवला, टायरखाली पहार घातली आणि चाक हलकेच वर उचललं. टक्! चाक बोटभर वर गेलं, आर्म मात्र जागचा हलला नाही. आम्ही तिघी तिथेच उभ्या होतो. त्यांनी मला पहार हातात दिली आणि म्हणाले, "आता तुम्ही करून बघा."

झालं होतं असं. चाक ज्यावर वळतं आणि वरखाली होतं तो बॉल जॉइंट म्हणजे आपल्या खुब्याचा सांधाच समजा. वाटीत गोळा आणि मध्ये ग्रीस. वर रबरी टोपी असते. ती फाटली की ग्रीस बाहेर येतं आणि आपल्या भातखाचरांचा गाळ आत जातो. मग गोळा झिजतो. चासीखाली जॅक लावला तर स्प्रिंगचा जोर सांध्यावर तसाच राहतो, म्हणून झीज हाताला लागत नाही. जोर आर्मवर घेतला की उघडं पडतं. आमच्या गाडीचे आर्मचे रबरी बुशही चिरले होते, त्यामुळे चाक वरच्या बाजूला आत कललं होतं. टायर खाल्ला जात होता तो त्याच्यामुळे. आम्ही दोनदा टायर बदलून दुखण्याला मलम लावत बसलो.

बॉल जॉइंट पूर्ण निसटला तर चाक बाहेर मुडपतं आणि गाडी त्या कोपऱ्यावर बसते. बोरघाटाच्या उतारावर हे झालं असतं तर? त्या रात्री मला झोप लागली नाही, हे सांगायला लाज कसली.

गटाच्या बैठकीत मात्र वाद झाला. "चाक फिरतंय ना, मग?" असं एक जाऊबाई म्हणाल्या. "हंगाम संपू दे," दुसरीचं म्हणणं. मी वही पुढे ठेवली आणि दोन टायरांचे आकडे वाचून दाखवले. मग सगळ्यांनी हो म्हटलं.

काम करून घेताना आम्ही काही गोष्टी धरून राहिलो. बॉल जॉइंट आणि बुश दोन्ही बाजूंचे बदलले, कारण उजवी बाजूही तेवढीच चाललेली. डाव्या शॉकॲब्सॉर्बरमधून तेल गळत होतं, म्हणून त्याचीही जोडी नवी. नटांच्या स्प्लिट पिना जुन्या वाकवून परत घातल्या नाहीत. आणि हे नीट ऐका: बुशचे बोल्ट चाक अधांतरी असताना करकचून आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उभी करून आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शेवटी अलाइनमेंट. ती केली नाही तर तिसरा टायरही गेलाच. जुने सुटे भाग आम्ही परत मागून घेतले, बैठकीत सगळ्यांनी हातात घेऊन बघितले. स्प्रिंगवर फार ताण असतो, त्यामुळे हे काम घरच्या अंगणात कुणाच्या मुलाला करू देऊ नका.

तुमच्या जुन्या गाडीला पुढेही पाटे असतील तर बॉल जॉइंटऐवजी किंगपिन असेल. चाक उचलून वरून-खालून धरा, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, आणि हलवा. हललं तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. तरीही हललं तर किंगपिन बघा. हलणं थांबलं तर चाकाचं बेअरिंग. डावी-उजवीकडून, तीन आणि नऊच्या जागी हललं तर टाय रॉडचे एंड तपासायचे.

आठ वर्षांवरच्या मालगाडीला दर वर्षी पासिंग असतं. त्याच्या आधी ही तपासणी केली तर दोन्ही कामं होतात. मागे हौद्यात बायका बसवून लग्नाला नेणं बंद करा, हे जाता जाता सांगते. अपघात झाला तर त्यांना विम्याचं संरक्षण मिळत नाही.

काम झाल्यावर शंभरेक किलोमीटर गाडी चालवून आम्ही चाकाचे नट पुन्हा आवळून घेतले. दोन नट थोडे फिरले. आता दर महिन्याला बैठकीच्या दिवशी गाडी दारात उभी असते. आळीपाळीने एकजण खाली वाकून चारी टायरांच्या आतल्या कडेवरून हात फिरवते आणि वहीत सही करते.