पत्रिका उघडण्याआधी शेवटची तीन अक्षरं बघा
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीतलं बोलणं)

ताई-मावश्यांनो, लग्नसराईत व्हॉट्सॲपवर पत्रिका येतात. पत्रिका म्हणजे फोटो, व्हिडिओ नाहीतर पीडीएफ. फाईलच्या नावाच्या शेवटी इंग्रजीत ए-पी-के ही अक्षरं असतील तर ती पत्रिका नाही, ते ॲप आहे. पीएम किसानची यादी, गाडीचा दंड, बँकेचं केवायसी, या नावांनीही तेच येतं. ओळखीच्या नंबरवरून आलं म्हणून बिनधास्त राहू नका. ज्याचा फोन आधी फसला त्याच्याच फोनवरून ते पुढे जातं, त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो.

ॲप टाकलं की ते मेसेज वाचायची परवानगी मागतं. आपण ‘अलाऊ, अलाऊ’ दाबत जातो. मग बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे जातो. ‘मी तर कुणाला सांगितला नाही’ हे खरंच असतं. सांगायची गरजच उरत नाही. आणि अध्यक्ष-सचिवांच्या फोनवर गटाच्या खात्याचे मेसेज येतात, म्हणजे सगळ्याजणींची बचत.

दाबलं गेलंच तर घरचे रागावतील म्हणून सकाळपर्यंत गप्प बसू नका, पैसे तेवढ्यात जातात. विमानाचं चिन्ह दाबून नेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला कळवा, पिनही तिथूनच बदला. मग सेटिंग्जमधल्या ॲपच्या यादीतून ते काढा. स्क्रीनवर त्याचं चिन्ह बऱ्याचदा दिसतच नाही. निघालं नाही तर फोन पूर्ण रिसेट करायचा. फोटो जातील, जाऊ द्या.

पुढच्या बैठकीला फोन चार्ज करून आणा. प्रत्येकीची यादी बघू.