वेळ, पोशाख आणि पहिली ओळख



सँडफोर्ड फ्लेमिंग या कॅनडाच्या रेल्वे अभियंत्याची १८७६ साली आयर्लंडमध्ये गाडी चुकली. त्यानंतर त्यांनी वेळेच्या प्रश्नाचा ध्यास घेतला आणि १८७९ साली टोरांटोत, जगाचे चोवीस कालविभाग करावेत, अशी कल्पना मांडली. सर्वांना एकच घड्याळ, हा विचार आपण राहतो त्या देशात असा वाढला.

आपल्या पूर्वजांची वेळ मात्र सावलीने मोजली जाई. पेशवाईत सकाळी नऊपूर्वी आणि दुपारी तीननंतर महार-मांगांना पुण्याच्या वेशीत प्रवेश नव्हता, कारण त्या वेळी सावल्या लांब पडत. माणूस कितीही स्वच्छ येवो, त्याची ओळख आधीच ठरलेली असे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची रीत बदलावयास आणि अस्पृश्यतेची खूण ठरलेले दागिने टाकावयास सांगितले, ते काही हौसेखातर नव्हे. दुसऱ्याने लादलेली ओळख पुसून आपली ओळख आपणच करून द्यावयाची होती.

येथे नऊपूर्वी आपणांस कोणी अडवीत नाही. उलट नऊच्या मुलाखतीस पावणेनऊला हजर असणे अपेक्षित असते. जानेवारीत गाडीवरचा बर्फ खरवडण्यात वेळ गेला, ही सबब चालत नाही. ऐकणाराही त्याच बर्फातून आलेला असतो. बर्फाचे बूट दाराशी बदलावेत, नजरेस नजर द्यावी आणि आपले नाव सावकाश, पूर्ण सांगावे. ते तोडून सोपे करण्याची घाई आम्हांस पसंत नाही.

हे सारे आपण कचेरीत कसोशीने पाळतो. स्वतःच्या समारंभात मात्र ‘इंडियन टाइम’ म्हणून हसतो. सभागृह तासांच्या भाड्याने घेतलेले असते. वेळेवर येणारी कुटुंबे रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत बसतात. शेवटी तास संपत आले की भाषणे आटोपत नाहीत, मुलांची गाणी गाळली जातात. येथे जन्मलेल्या या मुलांना आपल्या समाजाची पहिली ओळख याच सभागृहात होते. महिनाभर तयारी केलेले मूल पोशाख न बदलताच घरी परतते, तेव्हा त्याने समाजाविषयी काय समजावे?

येत्या जयंतीसाठी आमची सूचना अशी : पत्रिकेत दोन लिहिले असेल तर दोन वाजता वंदना सुरू व्हावी, समोर पाच माणसे असली तरी. त्यानंतर मुलांचे कार्यक्रम. भाषणे उरलेल्या वेळेत.